विश्लेषण : बर्फातला ‘वीकेंड ट्रेक’ जिवावर का बेततो? हिमस्खलनाचा इशारा असूनही गट पुढे का जातात?

थंडी सुरू झाली की बर्फातल्या ट्रेकच्या जाहिराती मोबाइलवर दिसू लागतात. परदेशात नोकरी करणारे मराठी तरुण शनिवार-रविवार साधून आल्प्समध्ये स्नोशू घालून फिरायला जातात, तर पुण्या-मुंबईचे गट चार-पाच दिवसांची सुट्टी काढून केदारकंठ्याला निघतात. अनुभव नसला तरी जमेल असे हे प्रकार आहेत. मात्र बर्फाच्या उतारावरील दुर्घटनांचा अभ्यास सांगतो, की हवामान बिघडले म्हणून जितके जीव जातात, त्याहून अधिक जीव गटाने घेतलेल्या निर्णयामुळे जातात. हे कसे घडते आणि ते टाळता येते का, याविषयी…

स्नोशूइंग म्हणजे नेमके काय?

भुसभुशीत बर्फात साध्या बुटांनी चालले, की पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततो. स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद, पसरट चौकट. पूर्वी ती लाकूड आणि चामड्याच्या वाद्यांची असे, आता ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकची असते. खाली धातूचे दाते असतात, त्यामुळे कडक बर्फावर पकड मिळते.

यामागचे गणित सोपे आहे. ८० किलो वजन (माणूस आणि पाठपिशवी मिळून) एका बुटाच्या सुमारे २५० चौरस सेंटीमीटर तळव्यावर आले, तर दर चौरस सेंटीमीटरवर ३२० ग्रॅम भार पडतो. स्नोशूचे क्षेत्रफळ १२५० चौरस सेंटीमीटर धरले, तर हाच भार ६४ ग्रॅमवर येतो. दाब पाच पटींनी कमी झाल्याने माणूस बर्फात फारसा रुतत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. इटलीच्या दक्षिण टिरोल भागातील एका हिमनदीवर सापडलेला बर्च लाकडाचा स्नोशू पाच हजार वर्षांहून अधिक जुना असल्याचे तपासणीत आढळले. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी तर त्याचे कित्येक प्रकार विकसित केले. आज आल्प्समध्ये हा हिवाळी पर्यटनाचा लोकप्रिय प्रकार आहे. भारतात गुलमर्गसारख्या ठिकाणी स्नोशू मिळतात. उत्तराखंड आणि हिमाचलमधील नेहमीच्या ट्रेकवर मात्र बुटांना मायक्रोस्पाइक आणि पायांना गेटर लावून चालण्याची पद्धत आहे. साधन वेगळे असले तरी उतार आणि बर्फाचे नियम दोन्हीकडे सारखेच लागू होतात.

चालणेच तर आहे, मग धोका कसला?

स्कीइंग शिकायला वेळ लागतो. घसरणे, वळणे, थांबणे यात दोन-तीन हिवाळे जातात. त्या काळात बर्फाविषयीही थोडेफार कळत जाते. स्नोशू मात्र भाड्याने घेऊन अर्ध्या तासात चालू लागता येते. म्हणजे ज्या उतारावर जायला पूर्वी काही वर्षांचा सराव लागे, तिथे आता पहिल्याच दिवशी पोहोचता येते. पाय तिथवर नेतात, पण तिथला बर्फ कसा ओळखायचा याचे ज्ञान सोबत येत नाही.

म्हणूनच स्विस अल्पाइन क्लबने स्नोशूच्या वाटांची सहा श्रेणींत वर्गवारी केली आहे. पहिल्या दोन श्रेणींतील वाटांवर उतार २५ अंशांच्या आत असतो. पुढच्या श्रेणींत तो वाढत जातो आणि हिमस्खलनाची जाण असणे आवश्यक ठरते. नवख्या गटाने पहिल्या दोन श्रेणींतच राहावे, असा याचा सरळ अर्थ आहे. अडचण अशी, की उत्तम दृश्य आणि फोटो बहुधा त्यावरच्या श्रेणींतल्या वाटांवर मिळतात.

१९९८ मध्ये फ्रान्समध्ये काय घडले?

स्नोशूवरील गट आणि हिमस्खलन यांची चर्चा आजही लेझ ऑर या नावाशी येऊन थांबते. २३ जानेवारी १९९८ रोजी फ्रेंच आल्प्समधील या गावाजवळ पॅरिस परिसरातील एका शाळेचा गट स्नोशू घालून फिरायला निघाला होता. विद्यार्थी, शिक्षक आणि मार्गदर्शक असे मिळून ३२ जण होते. उतारावरचा बर्फाचा थर सुटला आणि गट त्यात सापडला. ९ मुले आणि २ प्रौढ अशा ११ जणांचा मृत्यू झाला. २१ जण जखमी झाले.

त्या दिवशी हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी पाचपैकी चार होती. म्हणजे इशारा होता आणि सोबत व्यावसायिक मार्गदर्शकही होते. तरीही गट त्या उतारावर होता. पुढे मार्गदर्शकावर खटला चालला आणि फ्रान्समध्ये शालेय सहली, मार्गदर्शकाची जबाबदारी आणि इशाऱ्यांचा अर्थ यावर मोठी चर्चा झाली.

या घटनेतून पुढे आलेला प्रश्न अजून जुना झालेला नाही. माहिती उपलब्ध असताना ती निर्णयात का उतरत नाही?

हिमस्खलन कसे सुटते?

डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर बसतो. वारा, ऊन आणि थंडीमुळे हे थर बदलत राहतात. काही थर घट्ट होतात, तर काही साखरेच्या दाण्यांसारखे सुटे राहतात. थंडी कडक आणि बर्फाची जाडी कमी असली, की जमिनीलगतची ऊब आणि वरची गारठलेली हवा यांतील तापमानाच्या फरकामुळे आतला बर्फ असा दाणेदार होतो. या ठिसूळ थरावर पुढे वाऱ्याने आणलेला घट्ट बर्फ बसला, की धोक्याची तयारी पूर्ण होते. वर जड पाट आणि खाली कच्चा आधार अशी ती रचना असते.

त्यावर माणसाचे पाऊल पडले, की खालचा ठिसूळ थर एका जागी मोडतो. ती मोड क्षणात आजूबाजूला पसरते आणि वरचा पाट तुटून घसरू लागतो. समजा, ५० मीटर रुंद, ८० मीटर लांब आणि अर्धा मीटर जाड असा पाट सुटला. बर्फाची घनता दर घनमीटरला २०० किलो धरली, तर हे वजन ४०० टन होते. वाळूने भरलेले कित्येक डंपर एकाच वेळी अंगावर ओतल्यासारखे ते असते.

मनोरंजनासाठी डोंगरात गेलेल्यांच्या जीवघेण्या हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के हिमस्खलने खुद्द त्या व्यक्तीमुळे किंवा तिच्याच गटातील कुणामुळे सुटतात, असे पाश्चात्त्य देशांतील नोंदी सांगतात. म्हणजे बहुतेक वेळा ‘डोंगर कोसळला’ हे वर्णन चुकीचे असते. डोंगर सज्ज होता आणि गटाने कळ दाबली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

कोणता उतार घातक?

पाटासारखी सुटणारी हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून कमी उतारावर बर्फ सहसा टिकून राहतो. फार उभ्या कड्यावर तो साचतच नाही, पडत राहतो. घरातल्या जिन्याचा उतार साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. म्हणजे जिन्याइतका तिरका आणि बर्फाने भरलेला मोकळा उतार दिसला, तर तो धोक्याच्या पट्ट्यात आहे असे समजावे.

बहुतेक स्मार्टफोनमध्ये उतार मोजणारे ॲप चालते. स्वित्झर्लंडच्या अधिकृत नकाशांवर तर ३० अंशांहून अधिक उताराचे भाग रंगाने दाखवलेले असतात आणि ते फोनवर पाहता येतात. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. आपण चालतो ती वाट सपाट असली, तरी तिच्या वरचा उतार ३५ अंशांचा असू शकतो. तो सुटला तर वाटेवरचे लोक गाडले जातात. दुसरे म्हणजे अरुंद घळ किंवा ओढ्याचे पात्र. वरून आलेला थोडासा बर्फही तिथे साचून खोल ढीग होतो.

काही खुणा डोळ्यांना आणि कानांना कळतात. आसपासच्या उतारांवर नुकतीच सुटलेली हिमस्खलने, पायाखाली बर्फ दबल्याचा ‘धप्प’ असा आवाज, पावलापासून लांबवर पळत जाणारी भेग, गेल्या एक-दोन दिवसांतला मोठा हिमवर्षाव, जोराचा वारा किंवा अचानक वाढलेले तापमान. यातील एक जरी खूण दिसली तरी उभ्या उतारावर पाऊल टाकू नये, हा नियम जगभर शिकवला जातो.

धोक्याच्या पाच पातळ्यांत तिसरी का महत्त्वाची?

युरोपात १९९३ पासून हिमस्खलनाच्या धोक्यासाठी पाच पातळ्यांची समान पद्धत वापरली जाते. एक म्हणजे कमी, दोन मध्यम, तीन लक्षणीय, चार मोठा आणि पाच अतिशय मोठा धोका. पाचातली तिसरी पातळी पाहून अनेकांना ती ‘मधली’, म्हणजे बेताची वाटते. प्रत्यक्षात धोका पायरीपायरीने नव्हे, तर पटीने वाढतो.

स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यातील साधारण एकतृतीयांश दिवस तिसऱ्या पातळीचे असतात. मात्र हिमस्खलनातील मृत्यूंपैकी जवळपास निम्मे याच दिवसांत होतात. चौथ्या-पाचव्या पातळीला बातम्या येतात, वाटा बंद होतात आणि लोक घरी थांबतात. तिसऱ्या पातळीला आकाश निळे असते, हॉटेल भरलेले असते आणि एकट्या माणसाच्या वजनानेही उतार सुटण्याची शक्यता असते. युरोपात दर हिवाळ्यात हिमस्खलनात सुमारे १०० जणांचा जीव जातो. त्यातले बहुतेक जण स्वतःच्या हौसेने डोंगरात गेलेले असतात.

गट मोठा असला तर सुरक्षित नाही का?

शहरात किंवा जंगलात ‘अनेक जण सोबत आहेत’ याचा आधार वाटतो. बर्फाच्या उतारावर हे गणित उलटे होते. जवळजवळ चालणाऱ्या दहा जणांचे वजन एकाच जागी पडते आणि उतार सुटला तर दहाही जण सापडतात. बाहेर राहून शोधणारे कुणी उरत नाही. म्हणूनच अशा उतारावर एकमेकांपासून अंतर ठेवून किंवा एका वेळी एकानेच जाण्याची पद्धत आहे. बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवतात.

दुसरी अडचण मनाची आहे. अमेरिकी अभ्यासक इयन मॅकॅमन यांनी हिमस्खलनाच्या सातशेहून अधिक दुर्घटना तपासून काढलेले निष्कर्ष २००४ च्या सुमारास गाजले. त्यातील बऱ्याच घटनांत धोक्याची चिन्हे समोर दिसत होती आणि अनेकांना हिमस्खलनाचे थोडेफार शिक्षणही होते. तरी ते पुढे गेले. यामागे त्यांनी मनाचे काही सापळे दाखवले. ओळखीची जागा म्हणून निर्धास्त होणे, इतरांना आवडावे म्हणून धाडस करणे, ठरवलेले पूर्ण करण्याचा हट्ट, नेत्याला सगळे कळते ही समजूत, ‘ही संधी पुन्हा नाही’ असे वाटणे आणि इतर लोक तिथे आहेत म्हणजे ठीकच असेल हा तर्क.

मराठी गटांत हे सापळे ओळखीच्या वाक्यांतून बोलतात. ‘एवढे लांब आलोय, आता माघारी कशाला?’, ‘लीडरला माहीत असेल की’, ‘ती दुसरी बॅच गेलीच ना वर!’ वीस जणांत एकाला शंका आली, तरी तो बहुधा बोलत नाही. नवखा असतो, सगळ्यांचा आनंद घालवल्याचे खापर डोक्यावर येईल याची त्याला धास्ती वाटते.

सह्याद्रीतला अनुभव इथे उपयोगी पडतो, पण अर्धाच. दमसास, गटाने चालण्याची शिस्त, वाटेची जाण हे सारे कामाला येते. मात्र हरिश्चंद्रगडाची वाट या शनिवारी जशी आहे, तशीच पुढच्या शनिवारीही असते. बर्फाचा उतार शुक्रवारी सुरक्षित आणि शनिवारी रात्रीच्या वाऱ्यानंतर रविवारी घातक असू शकतो. ‘गेल्या वर्षी इथूनच गेलो होतो’ या वाक्याला बर्फात काही किंमत नसते.

दोन-चार दिवसांच्या वेळापत्रकाचा काय संबंध?

वीकेंडची सहल तारखेला बांधलेली असते. परदेशात रविवारी रात्रीची गाडी आणि सोमवारचे कार्यालय ठरलेले असते. केदारकंठ्याला जाणाऱ्या गटाची स्थिती वेगळी नसते. उत्तरकाशी जिल्ह्यातील सांकरी या पायथ्याच्या गावी पोहोचायला डेहराडूनहून जवळपास पूर्ण दिवसाचा गाडीप्रवास करावा लागतो. त्याआधी पुणे किंवा मुंबईहून विमान किंवा रेल्वे. ट्रेक चार-पाच दिवसांचा आणि परतीचे तिकीट काढलेले. सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या शिखरासाठी एकच पहाट राखलेली असते.

ही पहाट वाऱ्याची निघाली तर दुसरा दिवस हाती नसतो. हवामान, बर्फ आणि गटाची तब्येत यांपैकी काहीही बिघडले, तरी वेळापत्रक पुढे ढकलता येत नाही. उंचीशी जुळवून घ्यायलाही वेळ अपुरा पडतो. त्यात बर्फात वेग निम्म्यावर येतो आणि पुढे राहून वाट पाडणारा लवकर थकतो. हिवाळ्यात लवकर अंधार पडतो. उशीर झाला की गट जवळची वाट शोधतो. ती जवळची वाट बहुधा उभ्या उतारावरून जाते.

आयोजकावरही दबाव असतो. शिखर झाले नाही तर गुण कमी मिळतात, पैसे परत मागितले जातात, समाजमाध्यमांवर नाराजी येते. महाराष्ट्रातून नेणारा आयोजक अनेकदा स्थानिक व्यावसायिकाकडे गट सोपवतो. मग परत फिरण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, हे कागदावर कुठेच नसते.

बर्फाखाली गाडले गेल्यास किती वेळ हाती असतो?

स्वित्झर्लंडमधील चार दशकांच्या नोंदींवर आधारित २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातील नऊ जण वाचतात. त्यानंतर ही शक्यता वेगाने घसरते आणि अर्ध्या तासापर्यंत दहात तीनच्या आसपास येते. मृत्यूचे मुख्य कारण थंडी नसते, गुदमरणे असते. थांबल्यावर हा बर्फ काँक्रीटसारखा घट्ट बसतो. हात हलवता येत नाही.

दहा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही. त्यामुळे वाचवणारा असतो तो सोबतीच. त्यासाठी प्रत्येकाकडे तीन वस्तू लागतात. पहिली म्हणजे ट्रान्सीव्हर. हे यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर संकेत देते आणि दुसऱ्याचा संकेत पकडते. दुसरी प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे आणि किती खोल आहे हे पाहायची घडीची लांब काठी. तिसरे धातूचे फावडे. एक मीटर खोल गाडलेल्या माणसासाठी दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद खड्डा करायचा, तर साचलेल्या घट्ट बर्फाच्या हिशेबाने टनभराहून अधिक बर्फ उपसावा लागतो. हाताने ते दहा मिनिटांत होत नाही. शिवाय ही साधने सरावाशिवाय निरुपयोगी ठरतात. आल्प्समध्ये चांगले मार्गदर्शक निघण्यापूर्वी प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर तपासतात आणि शोधण्याचा सराव करून घेतात.

भारतातील अलीकडच्या घटना काय सांगतात?

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील द्रौपदी का दांडा-२ या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींचा गट हिमस्खलनात सापडला. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. त्यात प्रशिक्षकही होते. तज्ज्ञ सोबत आहेत म्हणून उतार थांबत नाही, हे यातून दिसले.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक-नथुला रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ झालेल्या हिमस्खलनात सात पर्यटकांचा मृत्यू झाला. पास तेराव्या मैलापर्यंतचेच दिले होते, पण पर्यटक पुढे गेले होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. बर्फात खेळण्यासाठी आणखी थोडे पुढे जाण्याचा तो मोह होता.

जून २०२४ मध्ये उत्तरकाशीतील सहस्रताल ट्रेकवर २२ जणांचा गट हिमवादळात अडकला. बहुतेक जण कर्नाटकातले होते, एक महाराष्ट्रातला होता. नऊ जणांचा मृत्यू झाला. इथे हिमस्खलन नव्हते, वारा आणि थंडी होती. मात्र एकाच वेळी अनेकांची शक्ती संपल्यावर गट एकमेकांना वाचवू शकत नाही, हे इथेही दिसले.

भारतात इशारा कोण देते?

संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या (डीआरडीओ) अंतर्गत काम करणारी ‘डीजीआरई’ ही प्रयोगशाळा जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडमधील भागांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि धोक्याची पातळी असे त्याचे स्वरूप असते. भारतीय हवामान विभाग हिमवर्षाव आणि वाऱ्याचा अंदाज देतो.

या इशाऱ्यांची मूळ गरज लष्कर, सीमा रस्ते आणि डोंगरी वस्त्यांची आहे. एखाद्या ट्रेकच्या अमुक उताराबाबत त्यातून नेमके कळत नाही. जिल्हाभरासाठीच्या इशाऱ्याचा अर्थ त्या वाटेपुरता लावणे हे मार्गदर्शकाचे काम राहते. इशारा वेळेत आला तरी तो निर्णयापर्यंत पोहोचावा लागतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चमोली जिल्ह्यातील माणा येथे रस्ते कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन होऊन आठ जणांचा मृत्यू झाला. आदल्या दिवशीच त्या जिल्ह्यासाठी इशारा देण्यात आला होता. ते कामगार हौसेने तिथे गेलेले नव्हते, त्यामुळे त्यांची तुलना पर्यटकांशी होत नाही. हौशी गटाकडे मात्र त्या दिवशी न जाण्याचा पर्याय असतो.

पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला काय विचारावे?

स्विस गिर्यारोहण मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी रूढ केलेली ‘तीन गुणिले तीन’ ही पद्धत सामान्य गटालाही वापरता येते. परिस्थिती, भूभाग आणि माणसे या तीन गोष्टी तीनदा तपासायच्या. एकदा घरी योजना करताना, एकदा निघण्याच्या ठिकाणी आणि एकदा प्रत्येक उभ्या उतारापाशी. तिन्ही वेळा ‘नाही’ म्हणण्याची मुभा असते.

त्या आधारे नोंदणीपूर्वीच काही प्रश्न विचारता येतात.

• वाटेवर किंवा वाटेच्या वर ३० अंशांहून अधिक उतार कुठे आहेत?
• त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा कोण पाहणार आणि कोणत्या पातळीला ट्रेक थांबणार?
• प्रत्यक्ष सोबत येणारा मार्गदर्शक कोण, त्याचे बर्फातील प्रशिक्षण कुठे झाले आणि एका मार्गदर्शकामागे किती जण असतील?
• शोध आणि बचावाची साधने सोबत असतील का आणि वापरण्याचा सराव करून घेतला जाईल का?
• राखीव दिवस आहे का? कमी उताराची पर्यायी वाट ठरवली आहे का?
• हवामानामुळे शिखर रद्द झाले तर पैशांचे काय? मार्गदर्शकाने परत फिरण्याचा निर्णय घेतला तर तो अंतिम असेल, असे लेखी आहे का?
• विमा पॉलिसीत बर्फातील ट्रेक आणि हेलिकॉप्टर बचाव यांचा समावेश आहे का, की साहसी खेळ वगळले आहेत?

‘काळजी करू नका, आजवर काही झालेले नाही’ हे यातील एकाही प्रश्नाचे उत्तर नाही.

परत फिरण्याचा निर्णय कोणी घ्यायचा?

अनुभवी गटांत यासाठी एक साधा नियम असतो. उभ्या उतारापूर्वी सगळे थांबतात आणि प्रत्येकाला विचारले जाते. एकानेही नकार दिला तर गट त्या उतारावर जात नाही. कारण विचारले जाते, पण नकार देणाऱ्याला पटवण्याचा प्रयत्न होत नाही. सर्वांत आधी सर्वांत नवख्याला बोलू दिले जाते, म्हणजे नेत्याचे मत ऐकून तो गप्प बसत नाही.

हा नियम उतारावर जाऊन ठरवता येत नाही. तिथे वारा असतो, थकवा असतो आणि शिखर समोर दिसत असते. तो निघण्यापूर्वी, व्हॉट्सॲपवरचा गट तयार होतो त्याच दिवशी ठरवावा लागतो. कोणत्या वेळी परत फिरायचे, कोणती खूण दिसली तर थांबायचे आणि ‘नको’ म्हणणाऱ्याची थट्टा करायची नाही, एवढे तीन मुद्दे तिथे लिहून ठेवले तरी पुरेसे आहे.

बर्फात फिरण्याचा आनंद यामुळे कमी होत नाही. २५ अंशांच्या आतील उतारांवर, जंगलातल्या आणि पठारावरच्या वाटांवर, वरचे उतार लांब आहेत याची खात्री करून गट दिवसभर मजेत चालू शकतो. स्नोशू मुळात त्यासाठीच बनले आहेत. शिखर गाठता आले नाही तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाता येते. त्यासाठी गटातले सगळे जण या वेळी घरी पोहोचायला हवेत.